अतिनील विजेरीची निवड आणि वापर : साठवलेल्या धान्यावरील अदृश्य डागांचा शोध

धान्याच्या गोदामात उंदरांचा वावर आहे किंवा नाही हे ठरविताना आपण लेंड्या, कुरतडलेली पोती, बिळे आणि भिंतीलगतच्या तेलकट वाटा पाहतो. या खुणा ठळकपणे दिसू लागतात तेव्हा उपद्रव बहुधा बराच वाढलेला असतो. उंदराचे मूत्र मात्र त्याच्या वावराच्या पहिल्या दिवसापासून पोत्यांवर आणि फरशीवर पडत असते. ते वाळल्यानंतर तागाच्या तपकिरी पोत्यावर साध्या प्रकाशात दिसत नाही. मक्याच्या दाण्यात शिरलेल्या बुरशीचेही तसेच आहे. दाणा वरून निरोगी दिसतो आणि दोष मात्र सालाखाली दडलेला असतो.

असे दडलेले डाग शोधण्यासाठी हातात धरता येणारी अतिनील विजेरी, म्हणजेच यूव्ही टॉर्च, हे स्वस्त आणि उपयुक्त साधन आहे. ती आता विजेच्या साहित्याच्या दुकानांत व ऑनलाइन बाजारात सहज मिळते. मात्र ती घेताना आणि वापरताना दोन ठिकाणी घसरण होते. पहिली म्हणजे जांभळा उजेड देणारी कोणतीही विजेरी या कामाची आहे असे समजणे. दुसरी अधिक गंभीर आहे, ती म्हणजे जे चमकले ते दूषित आणि जे चमकले नाही ते शुद्ध, असा निकाल जागीच देणे. पहिल्या चुकीने खरे डाग नजरेतून सुटतात. दुसरीने एखाद्या शेतकऱ्याचा चांगला माल नाकारला जातो, किंवा विषारी धान्य कुटुंबाच्या आणि जनावरांच्या पोटात जाते. म्हणून विजेरीची निवड आणि तिने दाखविलेल्या चमकेचा अर्थ, या दोन्ही बाबी येथे एकत्रच मांडल्या आहेत.

डाग का चमकतात?

मानवी डोळ्यास साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्याहून कमी तरंगलांबीचे किरण म्हणजे अतिनील किरण. त्यांचे तीन गट मानतात : ३१५ ते ४०० नॅनोमीटर हा ‘अ’ गट, २८० ते ३१५ हा ‘ब’ गट आणि १०० ते २८० हा ‘क’ गट. तरंगलांबी जितकी कमी, तितकी किरणांची ऊर्जा अधिक आणि डोळ्यांना व त्वचेला होणारी इजाही अधिक. डाग शोधण्याच्या विजेऱ्या ‘अ’ गटातीलच असाव्या लागतात.

काही पदार्थ अतिनील किरण शोषून घेतात आणि त्या ऊर्जेचा काही भाग अधिक तरंगलांबीच्या, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या, प्रकाशाच्या रूपाने तत्क्षणी परत देतात. या गुणधर्मास प्रतिदीप्ती म्हणतात. मूत्रातील काही घटक निळसर पांढरे चमकतात ते याच कारणाने. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की ही चमक मुळात मंद असते. ती दिसण्यासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात : डागावर पुरेसे अतिनील किरण पडले पाहिजेत आणि त्याच वेळी आजूबाजूला दृश्य प्रकाश जवळजवळ नसला पाहिजे. विजेरीच्या निवडीचे सर्व नियम या दोन अटींतूनच निघतात.

दृश्य प्रकाश अडवून केवळ अतिनील किरण पुढे जाऊ देणारी गडद काच अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वुड यांनी १९०३ मध्ये तयार केली. त्वचारोगतज्ज्ञ आजही वापरतात तो ‘वुडचा दिवा’ याच तत्त्वावर चालतो. चांगल्या अतिनील विजेरीच्या तोंडाशी दिसणारी काळी काच हे त्याच काचेचे आजचे रूप आहे.

३६५ की ३९५ नॅनोमीटर?

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकारच्या विजेऱ्या मिळतात. ३९५ नॅनोमीटरच्या विजेऱ्या स्वस्त असतात आणि त्यांत अनेकदा लहान लहान दिव्यांची मोठी जुडी असते. ३६५ नॅनोमीटरच्या विजेऱ्यांत बहुधा एक ते तीन शक्तिशाली एलईडी असतात आणि त्यांची किंमत अधिक असते.

३९५ नॅनोमीटर ही तरंगलांबी दृश्य प्रकाशाच्या अगदी सीमेवर आहे. अशा एलईडीच्या प्रकाशाचा मोठा भाग ४०० नॅनोमीटरच्या पलीकडे सांडतो आणि आपल्याला ठळक जांभळा उजेड दिसतो. नोटेवरील प्रतिदीप्त शाई किंवा धुलाईच्या पावडरने धुतलेला सदरा यांसारख्या तेजस्वी चमकणाऱ्या वस्तू त्या उजेडातही उठून दिसतात, त्यामुळे विजेरी उत्तम चालते असा ग्राहकाचा समज होतो. परंतु तागाच्या पोत्यावरील वाळलेल्या मूत्राची निळसर पांढरी चमक याच जांभळ्या उजेडात बुडून जाते. भर दुपारी काजवा शोधण्यासारखेच ते होते.

३६५ नॅनोमीटरच्या विजेरीतून अतिनील किरण विपुल आणि दृश्य प्रकाश अत्यल्प मिळतो. गोदामाच्या तपासणीसाठी आणि मक्याच्या किंवा सरकीच्या नमुन्यांसाठी हीच घ्यावी. प्रयोगशाळांतही या कामासाठी ३६५ नॅनोमीटरच्या दीर्घलहरी दिव्याचाच वापर प्रस्थापित आहे.

तरंगलांबीबरोबर पुढील बाबी पाहाव्यात.

१. काळी काच. ३६५ नॅनोमीटरचा एलईडीदेखील थोडा पांढुरका दृश्य प्रकाश सोडतोच. तोंडाशी काळी गाळणी-काच असेल तर हा प्रकाश अडतो आणि मंद डाग स्पष्ट होतात. काच नसलेल्या आणि काच असलेल्या विजेरीत अंधाऱ्या गोदामात जाणवण्याइतका फरक पडतो. दोन हजार रुपये दिव्याच्या ‘जोरावर’ अधिक खर्च करण्यापेक्षा काळ्या काचेवर खर्च केलेले थोडे पैसे अधिक फळ देतात.

२. दिव्यांची संख्या आणि वॅट. पन्नास किंवा शंभर दिवे असल्याची जाहिरात गुणवत्तेची निदर्शक नव्हे. खोक्यावरील वॅटचा आकडा बहुधा विजेरी किती वीज ओढते ते सांगतो. बाहेर किती अतिनील प्रकाश पडतो, हे त्यावरून कळत नाही. विक्रेता अतिनील उत्सर्जन मिलिवॅटमध्ये सांगत असेल तर तो आकडा तुलनेस अधिक योग्य.

३. झोताचा आकार. अरुंद झोत दूरवर पोहोचतो, परंतु एका वेळी हातभर जागाच दाखवितो. थप्पीची तपासणी करताना रुंद व एकसमान झोत सोयीचा, तर दाण्यांचा नमुना पाहताना जवळून टाकलेला केंद्रित झोत. झोत कमी-अधिक करता येणारी विजेरी दोन्ही कामे करते. पसरणाऱ्या झोतात अंतर दुप्पट झाले की डागावर पडणारा प्रकाश सुमारे चौथ्या भागावर येतो. म्हणून विजेरी कितीही चांगली असली तरी छताजवळचे पोते जमिनीवर उभे राहून तपासता येत नाही.

४. बॅटरी. पुन्हा चार्ज करता येणारी लिथियम-आयन बॅटरी असलेली विजेरी दीर्घ तपासणीस योग्य. येथे एक वेगळीच अडचण असते. साध्या टॉर्चची बॅटरी उतरली की उजेड मंदावलेला दिसतो. अतिनील प्रकाश डोळ्यांना दिसतच नसल्याने त्याचे मंदावणे लक्षात येत नाही. डाग दिसेनासे होतात आणि तपासणाऱ्याला गोदाम स्वच्छ असल्याचा भास होतो. बॅटरीची पातळी दाखविणारा दिवा असलेली विजेरी म्हणूनच अधिक विश्वासार्ह ठरते. दीर्घकाळ सलग चालविल्यास एलईडी तापतो आणि त्याचे उत्सर्जन घटते. अधूनमधून विजेरी बंद ठेवावी.

खरेदीपूर्वीची चाचणी

खोक्यावर ३६५ लिहिलेले असले तरी आत काय आहे, याची ढोबळ परीक्षा कोणालाही करता येते. चकाकी गेलेली जुनी ॲल्युमिनियमची थाळी घ्यावी आणि अंधाऱ्या खोलीत तिच्यावर तिरकस झोत टाकावा. ॲल्युमिनियमला स्वतःची प्रतिदीप्ती नाही. त्यामुळे थाळीवर जे दिसते तो विजेरीतून सांडलेला दृश्य प्रकाश होय. थाळी ठळक जांभळी उजळली तर विजेरी ३९५ च्या आसपासची आहे. फिकट पांढुरकी दिसली तर ती काळ्या काचेविना ३६५ ची असण्याची शक्यता अधिक. थाळी जवळजवळ काळोखीच राहिली, पण तिच्याशेजारी ठेवलेला साधा छपाईचा पांढरा कागद तेजस्वी निळा झाला, तर विजेरी आपल्या कामाची आहे.

केवळ नोट किंवा पांढरा कागद चमकवून दाखविणाऱ्या प्रात्यक्षिकावर विसंबू नये. कोणतीही विजेरी त्या परीक्षेत उत्तीर्ण होते.

विजेरी घेतल्यावर एक ‘परीक्षा-पोते’ तयार करून ठेवावे. तागाच्या स्वच्छ पोत्याचा हातभर तुकडा घ्यावा. त्याच्या एका भागावर गोमूत्राचे काही थेंब, दुसऱ्या भागावर साध्या पाण्याचे थेंब टाकून सावलीत वाळवावेत आणि पेनाने त्यांभोवती खूण करावी. प्रत्येक तपासणीच्या आरंभी हा तुकडा विजेरीखाली पाहावा. गोमूत्राची खूण दिसली आणि पाण्याची दिसली नाही, तरच विजेरी, बॅटरी, अंधार आणि आपली नजर या चारही गोष्टी जागेवर आहेत असे समजावे. ही दोन मिनिटांची शिस्त महागड्या विजेरीपेक्षा मोलाची आहे.

कोणता दिवा कदापि वापरू नये?

निर्जंतुकीकरणासाठी विकले जाणारे ‘क’ गटातील दिवे, म्हणजे २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे दिवे, तपासणीसाठी वापरू नयेत. त्यांच्या थोड्याशा संपर्कानेही डोळ्यांच्या बाहुलीवरील पारदर्शक पटलाची दाहक इजा होते आणि त्वचा भाजते. धान्य गोदामांत काम करणाऱ्यांसाठी हा इशारा विशेष महत्त्वाचा आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या गोदामातील अतिनील प्रकाश सापळ्यात ४ वॅटचा जंतुनाशक दिवा असतो. तो तांबडा पिठातील भुंगा, दाणे पोखरणारा लहान भुंगा अशा किडींना आकर्षित करण्यासाठी आहे. सापळ्यातील दिवा काढून तो पोती तपासण्यासाठी हातात धरणे धोक्याचे आहे.

गोदामात तपासणी कशी करावी?

तपासणी शक्यतो सूर्यास्तानंतर करावी. दिवसा करावयाची झाल्यास झडपा बंद करून उजेडाच्या फटी जाड कापडाने झाकाव्यात. धुरी दिलेल्या गोदामात ते पूर्णपणे हवेशीर करून सुरक्षित असल्याची खात्री पटेपर्यंत प्रवेश करू नये, आणि विजेरीही तेथे ठेवू नये. ॲल्युमिनियम फॉस्फाइडमधून निघणारा फॉस्फीन वायू तांब्याला गंज चढवितो आणि विद्युत उपकरणे निकामी करतो.

आत गेल्यावर चार-पाच मिनिटे अंधारात थांबावे. डोळे अंधाराला सरावल्याखेरीज मंद चमक दिसत नाही. या अवधीत मोबाइलच्या पडद्याकडे पाहू नये. नंतर विजेरी पोत्यापासून साधारण एक ते दोन फुटांवर धरून सावकाश फिरवावी. प्रथम भिंतीलगतची फरशी, दाराचा उंबरठा आणि खांबांचे पायथे पाहावेत. मग थप्पीच्या खालच्या दोन थरांच्या कडा, आणि शेवटी वरचा थर. उंदीर मोकळ्या जागेपेक्षा आडोशाने चालणे पसंत करतो, म्हणून त्याच्या खुणाही कडेकडेनेच मिळतात.

उंदराच्या मूत्राची ओळख रंगापेक्षा मांडणीवरून अधिक खात्रीने पटते. ताजा डाग निळसर पांढरा दिसतो आणि जुना होत जाईल तसा पिवळसर पांढऱ्याकडे झुकतो. उंदीर चालता चालता मूत्राचे थेंब सोडतो, त्यामुळे एका रेषेत, थोड्या थोड्या अंतराने पडलेले लहान ठिपके दिसतात. पोत्याच्या विणीत मुरलेल्या डागाची कड फिसकटलेली असते. डागाजवळ लेंड्या किंवा केस सापडल्यास संशय बळावतो. उंदराचे केसही निळसर पांढरे चमकतात.

आता न फसण्याच्या गोष्टी. तागावर प्रक्रिया करताना धागा मऊ पडावा म्हणून तेल वापरतात. त्यात खनिज तेल असेल तर संपूर्ण पोते किंवा त्याचे पट्टे चमकतात. ही चमक सलग व पसरट असते, ठिपक्यांची नसते. १९८७ च्या ताग वेष्टन कायद्यामुळे सरकारी खरेदीचे धान्य प्रामुख्याने तागाच्या पोत्यांतच भरले जाते, त्यामुळे हा फरक देशभरातील गोदामांत उपयोगी पडणारा आहे. ट्रॅक्टर किंवा चाळणीयंत्राचे वंगण निळसर चमकते. पांढऱ्या प्लॅस्टिक पोत्यांतील व छापील कागदांतील उजळपणा आणणारी रसायने, धुलाईच्या पावडरीचे अंश, पोत्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि काही शाया या सर्व गोष्टी तेजाने चमकतात. ढोबळ नियम असा की डोळे दिपतील इतके तेजस्वी चमकणारे बहुधा रसायन असते. मूत्राची चमक त्यामानाने सौम्य असते.

मात्र नियम ढोबळ आहे आणि म्हणूनच पुष्टी आवश्यक आहे.

चमक दिसली, पुढे काय?

मूत्रात युरिया असतो. युरीएज हे विकर युरियाचे विघटन करून अमोनिया मुक्त करते, आणि अमोनियामुळे ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक पिवळ्याचा निळा होतो. या तत्त्वावरील परीक्षा-कागद अन्नतपासणीच्या प्रयोगशाळांत पूर्वापार वापरात आहेत. चमकणाऱ्या डागावर ओलसर कागद दाबून धरल्यास डागाच्या जागी निळे ठिपके उमटतात. चमक आणि युरिया या दोन्ही कसोट्या एकाच जागी जुळल्या तर तो डाग मूत्राचा असण्याची शक्यता पुष्कळच वाढते.

शेती क्षेत्रात या कसोटीचीही एक खास अडचण आहे. त्याच गोदामात किंवा त्याच वाहनात पूर्वी युरिया खताची पोती ठेवली असतील तर केवळ युरियाची कसोटी सांडलेल्या खतामुळेही होकारार्थी येईल. म्हणून चमक आणि युरिया या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात, तसेच ठिपक्यांची मांडणी, लेंड्या व कुरतडण्याच्या खुणा यांचीही जोड द्यावी. डाग कोणत्या प्राण्याच्या मूत्राचा आहे हे ही कसोटी सांगत नाही. मांजर, कुत्रे किंवा घरातील जनावर यांचा वावर असल्यास तोही विचारात घ्यावा.

उपद्रव चालू आहे की जुना, हे ठरविण्याची एक सोपी रीत आहे. फरशीवरील डागांभोवती खडूने वर्तुळे काढून त्यांचा कच्चा नकाशा वहीत टिपून घ्यावा. नंतर फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसून काढावी. धुलाईची पावडर वापरू नये, कारण तिचे अंशच चमकू लागतात. आठ दिवसांनी तोच मार्ग पुन्हा तपासावा. नवे ठिपके दिसले तर उंदीर सध्या वावरत आहेत आणि कोठून ये-जा करीत आहेत, हेही त्याच नकाशावर कळते. पिंजरे, आमिषे आणि फटी बुजविण्याचे काम मग अंदाजाने न होता नेमक्या जागी होते. घरातल्या लहान उंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फटही पुरते, हे फटी बुजविताना ध्यानात ठेवावे.

साफसफाई करताना हातमोजे व तोंडावर पट्टी वापरावी आणि कोरडे झाडण्याऐवजी ओले पुसावे. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कोरड्या पृष्ठभागावर फार टिकत नाहीत, परंतु ओल्या फरशीवर आणि साचलेल्या पाण्यात तग धरतात. पायाला चिरा असलेल्या, अनवाणी काम करणाऱ्या हमालांना पावसाळ्यात हा धोका सर्वाधिक असतो.

मका आणि सरकी : चमकेचा वेगळा अर्थ

याच विजेरीचा दुसरा उपयोग बुरशीजन्य विषाच्या संशयासाठी होतो. ॲस्परजिलस फ्लेव्हस आणि तिच्या जवळच्या बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाची विषे तयार करतात. ही विषे यकृतास अपाय करतात, कर्करोगास कारणीभूत ठरतात आणि नेहमीच्या स्वयंपाकाच्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाण्यात आल्याने कावीळ व यकृतदाहाची साथ उद्भवली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घरांत दुसरे धान्य नव्हते. साठवणीतील मक्याची वेळेवर परीक्षा होणे किती मोलाचे आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

या बुरशी कोजिक आम्ल तयार करतात. जिवंत दाण्यातील पेरॉक्सिडेज या विकराशी त्याची क्रिया झाली की काजव्याच्या उजेडासारखी तेजस्वी हिरवट पिवळी चमक देणारे संयुग बनते. ही चमक अफ्लाटॉक्सिनची नव्हे, हे पक्के समजून घ्यावे. ती सांगते इतकेच की या दाण्यात ती बुरशी वाढली होती. बुरशीच्या काही वाणांना कोजिक आम्ल बनविता येते, परंतु विष बनविता येत नाही. तेथे चमक असूनही विष नसेल. उलट काही विषयुक्त नमुन्यांत चमक अगदी थोडी किंवा मुळीच नसू शकते.

नमुना पाहण्याची रीत अशी. थप्पीच्या निरनिराळ्या पोत्यांतून, वरून-खालून-मधून, टोकदार नळीने थोडा थोडा मका काढून काही किलोंचा एकत्रित नमुना करावा. विष सर्व मालात सारखे पसरलेले नसते. थोड्या दाण्यांत ते फार मोठ्या प्रमाणात असते, म्हणून मूठभर नमुना फसवा ठरतो. दाणे जाडेभरडे भरडावेत, कारण चमक बहुधा सालाखाली असते आणि अखंड दाण्यात लपून राहते. भरड काळ्या ताटात एका थरात पसरावी, अंधारात ३६५ नॅनोमीटरच्या विजेरीखाली पाहावी आणि हिरवट पिवळे कण मोजावेत. निरोगी मक्याचे काही भागही फिकट निळसर पांढरे चमकतात. त्यांची गणना करू नये.

हिरवट पिवळे कण आढळल्यास तो माल वेगळा ठेवावा आणि नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची तृणधान्यांतील एकूण अफ्लाटॉक्सिनची कमाल मर्यादा प्रतिकिलो १५ मायक्रोग्रॅम आहे. इतके सूक्ष्म प्रमाण डोळ्यांनी मोजता येणे शक्य नाही. ते रासायनिक परीक्षणानेच कळते. दूध देणाऱ्या जनावरांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी एक पायरी पुढे जातो. खाद्यातील अफ्लाटॉक्सिन बी-१ चे शरीरात एम-१ मध्ये रूपांतर होऊन ते दुधात उतरते, आणि दुधासाठी मर्यादा प्रतिकिलो ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. म्हणून सरकीचा साठा पेंड काढण्यापूर्वीच तपासणे शहाणपणाचे. पेंडीत सर्व माल दळून एकजीव होतो आणि वेगळा कण ओळखू येत नाही.

ही रीत मका आणि सरकी यांच्यासाठी विकसित झालेली आहे. भुईमुगाच्या दाण्यावर तिचा तसाच भरवसा धरू नये. तेथे थेट परीक्षणाचाच मार्ग घ्यावा.

विजेरी काय दाखवीत नाही, आणि आणखी एक उपयोग

कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला साहजिकपणे पडणारा प्रश्न असा की या विजेरीने दाण्यातील सोंडे किडा दिसेल काय? नाही. अळी दाण्याच्या आत असते आणि अतिनील किरण तेथवर पोहोचत नाहीत. किडींसाठी चाळणी, सापळे आणि दाणे फोडून पाहणे यांना पर्याय नाही.

विंचू मात्र या विजेरीत लख्ख निळसर हिरवे चमकतात, कारण त्यांच्या कवचातच प्रतिदीप्त द्रव्ये असतात. कोकणात लाल विंचवाच्या दंशाची समस्या किती गंभीर आहे, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या प्राझोसिन उपचारावरील कार्यामुळे सर्वज्ञात आहे. रात्री पेंढ्यात, सरपणात किंवा पोत्यांच्या थप्पीत हात घालण्यापूर्वी विजेरी फिरविण्याची सवय उपयोगी पडते. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही. त्यामुळे विंचू दिसला नाही म्हणून बुटांविना वावरू नये.

सुरक्षितता

‘अ’ गटातील किरण तुलनेने सौम्य असले तरी निरुपद्रवी नाहीत. ३६५ नॅनोमीटरचा झोत डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. झोतात थेट पाहू नये, चकचकीत पत्र्यावरून परावर्तित झालेला झोतही टाळावा. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण रोखणारा स्वच्छ, बिनरंगी चष्मा वापरावा. गडद गॉगल निरुपयोगी, कारण त्यातून डागच दिसत नाहीत. पिवळ्या काचेचा चष्मा मूत्राची निळसर चमक मंद करतो, म्हणून थप्पीच्या तपासणीत तो टाळावा. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि विजेरी मुलांच्या हाती देऊ नये.

निर्णय घेताना

गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून एकच विजेरी घ्यावी, पण ती ३६५ नॅनोमीटरची, काळ्या काचेची, झोत बदलता येणारी आणि बॅटरीची पातळी दाखविणारी असावी. तिच्यासोबत चष्मा, परीक्षा-पोते आणि नोंदवही एकाच पिशवीत ठेवावी. तपासणी करणाऱ्याने नोंदीत ‘दूषित’ किंवा ‘शुद्ध’ असे शब्द लिहू नयेत. ‘अमुक थप्पीत, अमुक थरात, अशा रंगाची व मांडणीची चमक आढळली, पुष्टी बाकी’ असे लिहावे.

या शब्दयोजनेत शेतकऱ्याचे हित दोन्ही बाजूंनी सांभाळले जाते. वंगणाच्या डागामुळे त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा माल नाकारला जात नाही, आणि न चमकणाऱ्या नमुन्याच्या भरवशावर बुरशीचा मका कोणाच्या ताटात जात नाही. कोठे थांबून नीट पाहावे, एवढे विजेरी सांगते. चांगली विजेरी ते अधिक अचूकपणे सांगते. त्यापुढील निर्णय मात्र पुष्टी झाल्यावरच घ्यावयाचा असतो.